धोंडी पुढे, सुगंधा मागे

४ जानेवारी, रविवार

आज तीन तास नुसता वाद. नकाशावरची एक सोंगटी हलली नाही.

ओंकारने नवा नियम आणलाय. तो आमच्या फाशांच्या खेळाचा सूत्रधार. गोष्ट तो रचणार, शत्रू तो चालवणार, आणि आम्ही चौघं आपापलं पात्र घेऊन त्याच्या त्या पैलघाट नावाच्या मुलखात फिरणार. चौघं म्हणजे मी, निमा, माझ्याकडेच राहणारी माझी भाची ऋतुजा आणि तिच्या ऑफिसातला सौरभ. तीन वर्षं दर रविवारी चार वाजता माझ्या जेवणाच्या टेबलावर हे चाललंय. पण आजच्याइतकं किळसवाणं बोलणं या टेबलावर कधी झालं नव्हतं.

नियम असा. दोन पात्रांमध्ये नातं असेल तर ती 'जोडी'. जोडी शेजारी उभी राहून लढली की फाशात जास्तीचे गुण. रक्ताचं नातं, पाच. प्रेम, पाच. मैत्री, एक.

मैत्रीला एक!

"मावशी, तोल सांभाळावा लागतो," ओंकार म्हणाला. "मैत्री काय, सगळ्यांचीच असते."

सौरभ चिप्सचा मसाला लागलेली बोटं माझ्या टेबलक्लॉथला पुसत म्हणाला, "सोपं आहे ना. धोंडी आणि सुगंधाचं जमवून टाका. कागदावर प्रेम लिहायचं, पाच घ्यायचे."

सुगंधा माझी. वैदू, जडीबुटी आणि गोफण. धोंडी निमाची. कुऱ्हाड घेऊन फिरते, भाकरी चोरते आणि अशा शिव्या देते की त्या निमाला येतात कुठून हे मला आजवर कळलेलं नाही. या दोघी तीन वर्षं एका घोंगडीत झोपल्या, एकमेकींच्या जखमा बांधल्या. आणि हा म्हणतो, लिहायचं, घ्यायचे. रेशनचं दुकान आहे का?

प्रेमाचं मला वावडं नाही. पण पाच गुणांसाठी?

निमा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "टाक जमवून गं शालू. घरी चाळीस वर्षांत जमलं न्हाई, इथं तरी जमू दे."

मला हसू आलं नाही. म्हटलं, तू तरी बोल काही. तर म्हणे, "मी काय बोलू? खेळ हाय तो. तूच भांड, तुला बराबर येतं."

तिला भोकरदनच्या बसमध्ये बसवून आले. खिडकीतून हात हलवताना सुद्धा हसतच होती.

५ जानेवारी

टेबलक्लॉथवरचे हळदी रंगाचे डाग जात नाहीत. दोनदा भिजवला.

मैत्रीला एक. सकाळपासून डोक्यात तेच.

८ जानेवारी, गुरुवार

कपाट आवरताना कॉन्व्हेंट शाळेचा ग्रुप फोटो सापडला. पांढरे मोजे, रिबिनी, मध्ये सिस्टर. निमा शेवटच्या रांगेत, अर्धी कापलेली. केदारखेड्याच्या पलीकडच्या वाडीतून तिला सातवीत बोर्डिंगला आणून टाकलं होतं. तेल चोपडलेल्या दोन वेण्या आणि प्रत्येक वाक्यात 'न्हाई'. मुली हसायच्या. मी मात्र तिच्याशेजारी बसले. का बसले, आठवत नाही. बहुतेक तिच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवासाठी.

शुक्रवारी ख्रिश्चन मुली चॅपलमध्ये कन्फेशनला, म्हणजे फादरला आपली पापं सांगायला जायच्या. आम्ही दोघी बाहेर गुलाबाच्या वाफ्यापाशी उभ्या राहून आपण आत गेलो तर काय सांगू, ते ठरवायचो. निमा म्हणायची, "मी तर सांगन दोन पेरू चोरले. एक सांगून भागायचं न्हाई, एवढ्या लांब चालून गेल्यावर." माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. मी खोटी पापं रचायचे.

चॅपलमधल्या मेणबत्त्यांचा वास आज सुद्धा नाकात आहे. आणि इथे टेबलावर त्या पोराच्या चिप्सचा.

ऋतुजाला फोटो दाखवला. म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघी तेव्हाही अशाच उभ्या होतात. ती थोडी पुढे, तू मागे." फोटोत तसं काही दिसत नाही. निमा शेवटच्या रांगेत आहे, सांगितलं तर ऋतुजा म्हणाली, "मी खांद्यांबद्दल बोलतेय." तिला काहीही दिसतं.

११ जानेवारी, रविवार

जिंकले. पाऊण तास बोलले, पण जिंकले.

म्हटलं, ओंकार, तुझ्या मुलखात आई-बाप निवडता येत नाहीत, बरोबर? भाऊ निवडता येत नाही. मग जे निवडून घेतलं, तीन वर्षं टिकवलं, त्याला एक गुण, आणि जे आयतं मिळालं त्याला पाच? हा कुठला न्याय?

ऋतुजा माझ्या बाजूने नव्हती, त्याच्याही नाही. तिचं तिसरंच. "मुळात नात्याला आकडा लावूच नका. नातं असलं की फासा जोरात पडावा, हेच चूक आहे. नातं असलं की चाल अवघड व्हायला पाहिजे. याला वाचवू की पुढे जाऊ, असं."

"मग लढाईत त्याचा उपयोग काय?" ओंकार.

"उपयोग नसू दे ना."

"उपयोग नसेल तर लक्षात कोण ठेवणार?" सौरभ म्हणाला. तो अंकुशनगरचा, वडील साखर कारखान्यात. हिशोबात डोकं झरझर चालतं, पण ते कुठे थांबवायचं हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. "मावशी, मी आमच्या चौघांचं सगळं मांडून पाहिलंय. सुगंधा एकटी मारामारीला अगदी कुचकामी आहे. धोंडी शेजारी असली तरच कामाची. म्हणजे धोंडी हे तुमचं खरं हत्यार आहे."

हत्यार! निमा समोर बसलेली, आणि तिच्या तोंडावर. निमाने फक्त भुवया वर केल्या आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिली.

मी उभीच राहिले. म्हटलं, मैत्रीला रक्ताइतकंच द्यायचं. नाहीतर पुढच्या रविवारपासून दुसरं टेबल बघा.

ओंकारने हात जोडले. "बरं मावशी. मैत्रीला पाच."

"आणि सूड?" सौरभने विचारलं.

नियमाचा दुसरा भाग तो. जोडीतलं एक मेलं तर उरलेल्याला त्या लढाईपुरते जास्तीचे गुण. रागाचे, दुःखाचे. प्रेम मेलं तर पाच, मैत्री मेली तर काहीच नाही, असं ओंकारने लिहून आणलं होतं.

मी म्हटलं, "सगळं सारखं. प्रेमाला जे, ते मैत्रीला. मैत्रीण मेली तर माणसाला काही वाटत नाही का?"

"म्हणजे धोंडी मेली तरी तुम्हाला पाच," सौरभने वहीत लिहिलं.

मी म्हटलं, हो.

निमा टाळ्या वाजवत होती. "हिनं शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस असंच घेतल्तं. समोरचा थकेस्तोवर बोलायचं."

१२ जानेवारी

काल जिंकले तरी मन साफ नाही. सौरभची ती वही. निमाचं नाव, माझं नाव, पुढे आकडे. हे सगळं माझ्याच घरात, माझ्या आईच्या टेबलावर.

आणि निमाला काहीच वाटत नाही! मी तिच्यासाठी भांडते आणि ती शेंगदाणे वेचते.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

निमाचा फोन. रविवारी येणार नाही. तिच्या नवऱ्याचे, बापूरावांचे, पुण्याचे नातलग हुरड्याला येताहेत, तीसेक माणसं. "चुलीपासून हलता यायचं न्हाई बघ. एकदा म्हणलं, मला रविवारी जालन्याला जायचंय, तर हे म्हणतात, म्हातारी फाशे खेळायला चालली अन् पाव्हणे उपाशी."

गैरहजर माणसाचं पात्र जोडीदाराने चालवायचं, ही आमची पहिल्यापासूनची रीत. तिनेच आठवण दिली. "धोंडी तुझ्याकडं. तीनच प्राण राह्यलेत तिचे, मागच्या लढाईत लई मार खाल्ला. पण तुझ्याकडं हाय म्हणल्यावर मला काय घोर न्हाई."

म्हटलं, तीळगूळ घे, गोड बोल.

"धोंडीला सांग ते," म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार

सरदार पडला. शत्रूचा सरदार, दिवाळीपासून आमच्या मागावर होता. माझ्या फाशाने पडला.

बाकी उद्या लिहीन. हात धुतले तरी चिकट वाटताहेत.

१९ जानेवारी, सोमवार

लिहिते. नाहीतर मीच स्वतःला काहीतरी बरं सांगून टाकेन.

अरुंद पूल होता. एका वेळी एकच पुढे उभं राहू शकतं, त्याच्या मागे दुसरं. समोर सरदार. ऋतुजा आणि सौरभची पात्रं पलीकडच्या काठावर अडकलेली. म्हणजे पुलावर मीच, दोन सोंगट्या हातात घेऊन. धोंडीची सोंगटी म्हणजे जुन्या कोटाचं तपकिरी बटण, सुगंधाची म्हणजे शिंपला.

ओंकारने विचारलं, पुढे कोण?

मी बटण पुढे ठेवलं. धोंडी नेहमीच पुढे असते, निमा तिला नेहमी पुढेच घालते, हे खरं आहे. पण तेव्हा तिचे प्राण तीन नसतात.

माझ्याकडे एक लेप शिल्लक होता. शेवटचा. धोंडीला लावला असता तर आठ प्राण वाढले असते. पण लेप लावण्यात माझी खेळी गेली असती, सरदाराला आणखी एक फेरी मिळाली असती आणि लढाई लांबली असती. कदाचित हरलो असतो. कदाचित नाही.

सौरभ म्हणाला, "मावशी, लेप राहू द्या. धोंडी पडली की तुम्हाला पाच. दोन फेऱ्यांत सरदार गार."

मी म्हणाले, "गप रे. असं नसतं करायचं."

आणि लेप ठेवून दिला. गोफण मारली. लागली नाही.

सरदाराची खेळी. ओंकारने फासा टाकला आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, धोंडी गेली."

मी बटण उचललं. मग माझी खेळी. वीस बाजूंच्या फाशाचे चौदा आणि सुडाचे पाच, एकोणीस. सरदार पडला.

सौरभ ओरडला, ओंकारने टेबल बडवलं. आणि मी उभी होते. दोन्ही हात वर करून. साठी ओलांडलेली बाई, जेवणाच्या टेबलापाशी हात वर करून हसतेय. एका मुठीत बटण.

ऋतुजा कप गोळा करून आत गेली.

मला त्या पोराच्या वहीची शिसारी आली होती. त्याने नुसतं लिहिलं होतं.

२० जानेवारी

निमाचा फोन, सकाळी अकराला. पाहुणे गेले, भांडी घासून कंबर मोडली, हुरडा गोड निघाला. मग, "धोंडीनं काय केलं?"

"खेळ झालाच नाही गं. ओंकारला ताप होता."

"अरे बापरे. लई ताप?"

"नाही, उतरला."

"आलं घालून काढा दे म्हणावं त्याच्या आईला."

आता ओंकारच्या तापाची चौकशी ती पुढचे चार फोन करत राहणार. मी तिला ओळखते.

ऋतुजा स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर आली, डबा घेतला, गाडीची किल्ली घेतली. दारात म्हणाली, "ओंकारला निदान कळवून ठेव, तो आजारी आहे ते."

२२ जानेवारी, गुरुवार

निमाला मेसेज केला: येत्या रविवारी पण खेळ नाही, ओंकार गावाला जाणार. खोट्यावर खोटं. तिने दोन फुलं आणि एक नमस्कार पाठवला.

शाळेत असताना मी न केलेली पापं रचायचे. आता केलेलं झाकायला रचतेय.

जेवण जात नाही. आमटीत सुद्धा काहीतरी आंबल्याचा वास येतो. ऋतुजा म्हणते, आमटी चांगली आहे.

२५ जानेवारी, रविवार

निमाला न सांगता चौघं बसलो. माझ्याच सांगण्यावरून. विषय एकच, झालेली चाल मागे घेता येते का.

ओंकार स्वभावाने मऊ. म्हणाला, "मावशी, मी सूत्रधार आहे. धोंडी मेली नाही, पाण्यात पडली, खाली कोळ्यांनी बाहेर काढली, असं मी म्हणू शकतो. गोष्टीत चालतं."

"पण निमामावशीला काय सांगायचं?" ऋतुजा.

"काहीच नाही. पुढच्या वेळी आली की पात्र तिच्या हातात. धोंडी ओली, चिडलेली, शिव्या देतेय. उलट मजा येईल तिला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "चालेल."

किती पटकन म्हणाले! ओंकारचं वाक्य धड संपलं पण नव्हतं.

"मला नाही चालणार," सौरभ म्हणाला.

मला वाटलं, सरदार पुन्हा जिवंत होईल म्हणून याच्या पोटात दुखतंय. तसं बोलले सुद्धा. म्हटलं, तुझे आकडे चुकतील ना.

तर तो माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आकडे मी परत मांडीन, मावशी. पण ज्याचं पात्र त्याला न सांगता मारायचं आणि न सांगताच उठवायचं, हे कसं? उद्या मी नसताना माझ्या पात्राचं पण तुम्ही असंच करणार?"

मी म्हटलं, "तूच म्हणालास लेप ठेवा म्हणून."

"म्हणालो. मी नुसता हिशोब सांगितला. चाल तुमची होती."

त्याच्या बोटांना आज मसाला नव्हता. हातरुमाल घेऊन आला होता. बहुतेक मागे मी काहीतरी बोलले असेन.

ओंकार नकाशाची घडी घालत म्हणाला, नियमच चुकला, सुडाचे गुण काढूनच टाकू. ऋतुजा म्हणाली, "नियमाचं नंतर. मावशी, तू केदारखेड्याला, तिच्या सासरी जा."

मी म्हटलं, फोनवर सांगते.

"जा," ती म्हणाली.

२६ जानेवारी

गेले नाही. झेंडावंदनाची गर्दी असेल बसला, असं कारण काढलं.

२८ जानेवारी, बुधवार

जाऊन आले.

बस राजूरपर्यंत भरलेली, मग बसायला जागा मिळाली. पर्समध्ये धोंडीचा कागद. तीन वर्षांचा, कोपरे मऊ झालेले, निमाच्या गोल अक्षरात: 'धोंडी. कुऱ्हाड १. घोंगडी १. चोरलेल्या भाकरी ४.' बटण पण घेतलं होतं.

घरी निमाच्या सासूबाई बाजेवर. अठ्ठ्याऐंशीच्या, कानाने अधू. मला बघून म्हणाल्या, "फाश्यावाली आली का?" निमा शेतात होती. गडी दाखवायला आला तर म्हटलं, मला वाट माहीत आहे.

ज्वारीच्या कडेला गोवऱ्यांची आगटी पेटवून ती उकिडवी बसली होती. हुरडा संपत आलेला, शेवटची चार कणसं माझ्यासाठी ठेवली होती, मी येणार हे माहीत नसताना. "कोणीतरी येतंच," म्हणाली. कणसं निखाऱ्यात खुपसली. "ओंकार कसा हाय?"

म्हटलं, "त्याला ताप नव्हता."

मग सगळं सांगितलं. पूल, बटण, गोफण, चौदा आणि पाच. हात वर केले होते ते सुद्धा. रविवारी लपून बसलो, ते. 'चालेल' म्हणाले, ते.

ती कणसं फिरवत होती. मध्ये एकदाच थांबवलं.

"लेप होता का तुझ्याकडं?"

"होता."

"एकच?"

"एकच."

"तो अजून हाय?"

"आहे."

तिने कणीस काढलं, हातावर चोळलं, फुंकर मारली, गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकले. आपण घेतले नाहीत. म्हणाली, "खा. गार झाले की चव जाती."

मी खाल्ले. 

म्हटलं, निमा, चिडलीस?

"खेळ हाय तो," म्हणाली. चार तारखेला हेच म्हणाली होती, पण हसत.

मग बराच वेळ सासूबाईंच्या कानाच्या मशीनबद्दल बोलली, हरभऱ्यावर पडलेल्या अळीबद्दल, सुनेच्या नोकरीबद्दल. एकदम मध्येच, "तीन वर्षं शनवारी अंथरुणावर पडलं की मी इचार करायची, उद्या धोंडी काय करंन. घरात कोणाला मी काय करंन, हे माहीतच हाय. धोंडीचं मात्र मलाबी माहीत नसायचं."

मी म्हटलं, ओंकार तिला परत उठवायला तयार आहे. आता तू सांगशील तसं.

"न्हाई," ती म्हणाली. "तू लेप ठेवून घेतल्याचं धोंडीनं पाह्यलं असंन ना? मागंच तर उभी होतीस. मंग उठून ती कुठं जाईन?"

आणि मला म्हणे वक्तृत्वाचं बक्षीस.

कागद दिला. तिने घडी उलगडली नाही, तशीच ब्लाउजमध्ये खोचली. बटण मी आगटीशेजारी मातीत ठेवलं होतं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही, तिच्याही. की तिच्या राहिलं असेल, सांगता येत नाही.

साडेचारच्या बसला सोडायला आली नाही. गुरांच्या पाण्याची वेळ होती, हेही खरंच.

२९ जानेवारी

साडीला धुराचा वास. धुवायला टाकली नाही.

कालपर्यंत मला वाटत होतं, सांगितलं की हे किळस येणं थांबेल. थांबलं नाही. फक्त आता ते कशाचं आहे हे स्पष्ट आहे, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नाही.

३१ जानेवारी, शनिवार

ऋतुजाने विचारलं, उद्या खुर्च्या किती? म्हटलं पाच. मग म्हटलं, मांडू नकोस, बघू.

ओंकारने नवा नियम पाठवलाय. सूड रद्द. जोडीचे गुण ठेवले, पण जोडी दोघांच्या मर्जीने जमेल आणि दोघांपैकी एकाने म्हटलं तर मोडेल. ऋतुजाला पटला. सौरभने तीन चुका काढल्या. मला कुणी विचारलं नाही, आणि मी पाऊण तास बोलण्याच्या लायकीची राहिले नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

पावणेचारला दार वाजलं. निमा. हातात हरभऱ्याच्या भाजीची जुडी, ती ऋतुजाला दिली. चप्पल काढताना म्हणाली, "बस लौकर आली आज." माझ्याकडे बघून म्हणाली की कुणाकडे बघून, कळलं नाही.

ती नेहमी माझ्या उजव्या हाताला बसते. आज सौरभच्या शेजारी बसली. म्हणाली, "याच्याकडून हिशोब शिकायचाय मला. लई दिवस अडाण्यासारखं खेळले." सौरभ इतका गोंधळला की त्याने पेन खाली पाडलं. मग दोघं डोकं जोडून बसले आणि तिने नवं पात्र केलं. अर्धा तास लागला. नाव ठेवलं सखू. कुऱ्हाड नाही, शिव्या नाहीत. ढाल आहे आणि एक कुत्रा.

"ढाल कशाला, मावशी?" सौरभ म्हणाला. "ढालीने मार कमी बसतो, पण मारता येत नाही. फायदा नाही."

"असू दे. माझी मला लागंन."

मी चहा आणला. तिच्या कपात साखर कमी, आठवणीने. तिने घेतला, "बराबर झालाय" म्हणाली. तेवढंच.

ओंकारने नवे कागद भरायला घेतले. सगळ्यांना विचारत विचारत तिच्यापर्यंत आला. "निमामावशी, सखूची जोडी कुणाशी लिहू?"

तिने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. ऋतुजा, सौरभ, ओंकार. माझ्याकडे पण. माझ्यावर नजर जरा जास्त थांबली, की मला तसं वाटलं.

"रिकामं ठेव," म्हणाली. "आधी दोन-चार लढाया होऊ दे."

ओंकारने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "माझंही रिकामं ठेव."

मग खेळलो. साधीच चकमक होती, वाटेवरचे लांडगे. माझी खेळी आली तेव्हा सखूच्या अंगावर छोटी जखम होती, एकाच प्राणाची. मी काही बोलण्याआधी निमा म्हणाली, "लेप नको. एवढ्याशाला नको वाया घालवू." आवाज चांगला होता. पण म्हणाली ती नकाशाकडे बघून.

सातला बसस्टँडवर सोडायला निघाले तर ऋतुजा म्हणाली, मी सोडते स्कूटीवर. निमा मागे बसली, पदर खोचला. म्हणाली, पुढच्या आठवड्यात हरभरा काढायचाय, मजूर मिळाले तर.

रविवारी येणार का, ते मी विचारलं नाही.